पाचव्या भागात अडकलेल्या धाकटीला

परवा फोनवर म्हणालीस ना, हॅरी पॉटरचा पाचवा भाग हातात घेतला की पेंग येते आणि मैत्रिणी म्हणतात, तो सोड, सरळ सहावा घे. एकीनं तर सिनेमा बघून मोकळी हो असं सांगितलं. तुझ्या आवाजात जरा ओशाळलेपण होतं, तेवढं मात्र मला आवडलं नाही. पुस्तक पुढं सरकत नाही यात वाचणाऱ्याचा काही कमीपणा नसतो गं. चार भाग तू सुट्टीत भराभरा संपवलेस आणि आता अडलीस, एवढंच झालंय. पण सोडून द्यायच्या आधी माझं थोडं ऐक.

तुझी तक्रार खोटी नाहीच. सातही भागांत हा सगळ्यांत जाडजूड. मूळ इंग्रजी पहिला भाग सव्वादोनशे पानांच्या आत आटोपतो, आणि हा पाचवा ७६६ पानांचा, ३८ प्रकरणांचा. चौथा भाग २००० च्या जुलैत आला, त्यानंतर वाचकांनी जवळजवळ तीन वर्षं वाट बघितली आणि २१ जून २००३ ला हा हातात पडला. तेव्हापासून लोक तेच म्हणतायत जे तुझ्या मैत्रिणी म्हणतात: काही घडतच नाही, हॅरी सारखा चिडतो, ओरडतो, ती अंब्रिज तर डोक्यात जाते. राउलिंगबाईंनी स्वतःही पुढं मान्य केलं की हा भाग आणखी आटोपशीर व्हायला हवा होता. तेव्हा कंटाळा आला असं खुशाल म्हण.

पण बाळा, हा भाग संथ का आहे, ते बघ. चौथ्याच्या शेवटी त्या पोरानं डोळ्यांदेखत सेड्रिकला मरताना बघितलंय. त्यानं जे सांगितलं त्यावर मंत्रालयाचा विश्वास नाही, वर्तमानपत्र त्याला खोटारडा ठरवतंय, मित्रांच्या पत्रांत कामाचं काही नाही. पाचव्याची सुरुवात आठव. रणरणत्या उन्हाळ्यात हा पोरगा खिडकीखालच्या फुलझाडांच्या वाफ्यात उताणा पडलाय, का, तर घरात लागलेल्या बातम्या कानावर पडाव्यात म्हणून. काहीतरी भयंकर घडलं असेल तर ते तरी कळावं. ज्याला कुणी काही सांगत नाही, ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याचे दिवस असेच सरत नाहीत. आपल्या घरातही कुणी गेल्यावर पहिले काही महिने घड्याळ हलत नाही, ते तू बघितलंयस. लेखिकेनं आपल्याला त्याच्याबरोबर तिथं बसवलंय. त्याचं चिडणं तुला असह्य होतं, कारण ते त्यालाही असह्य आहे.

आपल्या गावाला फुटबॉलचं वेड आहे, म्हणून तसंच सांगते. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर तासभर गोल होत नाही, चेंडू नुसता मधल्या मधे फिरत असतो, तरी कुणी उठून जात नाही. जाणती माणसं त्या तासाभरातच ओळखतात, गोल कुठल्या बाजूनं येणार. पाचव्या भागात असा चेंडू सतत फिरतोय. तू ओलांडून आलीस ते सहावं प्रकरण पुन्हा काढ, सिरियसच्या घरातली साफसफाई. कपाटातून एकेक वस्तू निघते आणि टाकली जाते. त्यांत एक जड लॉकेट आहे, कुणालाच न उघडणारं. एका वाक्यात येतं आणि जातं. ते काय आहे हे मी मेले तरी सांगणार नाही. सातव्या भागात पोचलीस की तू स्वतःच धावत येऊन हे पान उघडशील. मैत्रिणींच्या सल्ल्यानं थेट सहावा घेतला असतास तर हा आनंद कुठून मिळाला असता?

आणखी एक जागा आहे, तेविसाव्या प्रकरणात. ही आधी सांगितली तरी चालेल, कारण यात रहस्य असं काही नाही. नाताळात ही पोरं दवाखान्यात जातात आणि तिथं नेव्हिल त्याच्या आजीबरोबर दिसतो. त्याच्या आईवडलांचा छळ होऊन त्यांचं भान गेलंय, हे तुला चौथ्यातच कळलंय. आई हळूहळू त्याच्याजवळ येते आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवते. च्युइंगगमचा रिकामा कागद. आजी म्हणते, टाकून दे, असले ढीगभर झालेत. नेव्हिल तो गुपचूप खिशात घालतो. एवढंच. मला विचारशील तर सातही भागांतल्या कुठल्याही लढाईपेक्षा हे पान मोठं आहे. २००७ च्या सिनेमात हा दवाखानाच नाही. सगळ्यांत मोठ्या पुस्तकाचा सिनेमा सव्वादोन तासांत बसवायचा तर असलंच काहीतरी गळणार. म्हणून सिनेमा बघ, पण पुस्तकाच्या बदली नको.

आता याचा अर्थ प्रत्येक रटाळ भाग दात-ओठ खाऊन वाचायचाच, असा मुळीच नाही. त्याच २००३ च्या जानेवारीत रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चा दहावा भाग आला. नवव्याच्या शेवटी फार मोठी घटना घडते, आणि दहाव्यात लेखक मागं जाऊन, त्या वेळी बाकीची मंडळी कुठं काय करत होती तेच सांगत बसतो. शेकडो पानं गेली तरी गोष्ट जवळपास तिथंच. तो संथपणा कुणाच्या दुःखाचा नाही, पात्रं फार झाली आणि सगळ्यांची हजेरी घ्यायची राहिली, त्याचा आहे. तिथं कंटाळलेल्या वाचकांच्या बाजूनं मी उभी राहीन. अशी पानं बेलाशक चाळ. जॉर्डन २००७ मध्ये गेले, ब्रँडन सँडरसननं राहिलेलं काम पुरं केलं आणि २०१३ मध्ये चौदाव्या भागावर मालिका संपली. दहाव्यात वैतागलेले कितीतरी वाचक शेवटापर्यंत टिकले.

आपल्या महाभारताचं बघ की. अठरा पर्वांतलं सगळ्यांत मोठं पर्व युद्धाचं नाही, बारावं शांतिपर्व आहे. युद्ध संपलंय, कर्ण सख्खा थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला कळलंय, त्याला राज्य नकोय, आणि शरपंजरी पडलेले भीष्म बोलतायत, बोलतायत. कथा ऐकायला बसलेली माणसं तिथं डुलक्या घेणारच. पण त्या लांबलचक बोलण्यामागं भावाला मारून बसलेला माणूस आहे, हे एकदा डोळ्यांपुढं आलं की ते पर्व बदलतं.

तर तू असं कर. रोज एकच प्रकरण, रात्री अभ्यास आटोपल्यावर. दोन प्रकरणांचा हट्ट धरू नकोस. शाळेतले नवेनवे फतवे वाचून जीव विटला तर ती पानं पळव, पण हॅरी एकटा असेल तिथं थांब. आणि तेविसावं होईपर्यंत मैत्रिणींशी या भागावर वाद घालू नकोस. त्यांचं मत त्यांच्यापाशी, तुझं अजून तयार व्हायचंय. त्यानंतरही नाही आवडला तर तसं ठणकावून सांग, मी तुझ्या बाजूनं असेन.

सहावा भाग माझ्याकडं आहे, दिवाळीला येताना घेऊन येते. आणि अंब्रिजचा फारच संताप आला तर लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. त्या बाईबद्दल मला तुझ्याशी खूप बोलायचंय.