करडईचे तेल, जवसाची चटणी आणि मेंदूचे पोषण

मराठवाड्यातील इतर भागांप्रमाणे सिल्लोडकडेही रब्बी ज्वारीच्या काठाने करडई पेरण्याची जुनी चाल होती. काटेरी पिकामुळे जनावरे आत शिरत नसत आणि घराला वर्षाचे तेल मिळे. जवसाच्या चार ओळीही चटणीपुरत्या असत. आज तालुक्यातील बरीच जमीन मका, कापूस व मिरचीखाली आहे आणि तेल दुकानातून येते. हा बदल केवळ चवीचा नाही.

मेंदूतील पाणी वगळता जो भाग उरतो, त्याचा सुमारे निम्मा हिस्सा स्निग्ध पदार्थांचा असतो. मज्जातंतूंवरील आवरण मुख्यतः त्यांचेच बनलेले असते. बहुतेक स्निग्ध पदार्थ शरीर स्वतः तयार करते. परंतु लिनोलिक व लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले त्यास अन्नातूनच मिळवावी लागतात. नावे सारखी असली तरी एकाचे काम दुसरे करीत नाही. नेहमीच्या करडईच्या तेलात पहिले सुमारे ७० ते ७५ टक्के असते, दुसरे जवळजवळ नसतेच. जवसाच्या तेलात मात्र दुसऱ्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते.

या फरकाचे महत्त्व अमेरिकेतील एका मुलीच्या आजारावरून ध्यानात आले. बंदुकीच्या गोळीमुळे तिच्या आतड्याचा मोठा भाग काढावा लागला होता व तिचे सर्व पोषण शिरेवाटे चालू होते. त्यातील स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. काही महिन्यांनी तिचे हातपाय बधिर होऊ लागले, चालणे बंद पडले, दृष्टी अंधुक झाली. करडईऐवजी सोयाबीनचे तेल, ज्यात लिनोलेनिक आम्ल थोडे असते, देताच ही लक्षणे नाहीशी झाली. राल्फ होलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीकत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. येथे करडईस दोष देण्याचे कारण नाही. ते चांगलेच तेल आहे. फक्त ते एकटे पुरत नाही.

गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने व मुलाची पहिली दोन वर्षे मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते. म्हणून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेच्या ताटात जवसाची चटणी रोज एक चमचा तरी असावी. दहा ग्रॅम जवसातून सुमारे दोन ग्रॅम लिनोलेनिक आम्ल मिळते. मेंदूस लागणारे पुढचे मेदाम्ल शरीर त्यापासून अल्प प्रमाणातच बनविते. ते मासळीत तयार मिळते, म्हणून जे मासळी खातात त्यांनी ती सोडू नये. जवस खाल्ल्याने मूल हुशार होते, असे मात्र कोणी गावात सांगत फिरू नये.

जवस मंद आचेवर भाजून आठवड्यापुरताच कुटावा. कूट फार दिवस ठेवल्यास खवट होतो. जवसाचे तेल तळणीस वापरू नये. वनस्पती तुपातील कृत्रिम मेदाम्लांवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरी तळणीचे तेच तेल पुनःपुन्हा तापविण्याची सवय सोडावी.

घरच्या चटणीसाठी वेगळे शेत नको. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, जमिनीत ओल असताना, हरभऱ्यात जवसाच्या दोनचार ओळी पेरल्या तरी चालते. बोंडे तपकिरी झाली की झाडे कापून वाळवावीत, बडवून बी काढावे व कोरड्या डब्यात अखंडच साठवावे.