लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण : ऑडिओ इंटरफेसची निवड

'हे जग मोठे आहे' आणि 'तू सुखाने जग' या दोन वाक्यांत 'जग' हा शब्द एकाच प्रकारे लिहिला जातो. उच्चार मात्र भिन्न आहे. ज्या बालकाच्या घरची बोली निराळी, त्यास हा भेद पुस्तकातून कळत नाही. तो कानानेच कळावा लागतो. म्हणून मुद्रित पाठ स्पष्ट असणे ही चैन नव्हे, गरज होय. अशा वर्णांतील भेद दाखविणारे ध्वनीचे घटक क्षीण असतात व पंख्याच्या घरघरीत सहज झाकोळतात. लॅपटॉपमधील मायक्रोफोन तर वक्त्यापासून दूर आणि लॅपटॉपच्या पंख्याजवळ असतो.

इंटरफेसचे कार्य : बाहेरच्या मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्‌संकेत अत्यंत क्षीण, व्होल्टच्या काही सहस्रांशाएवढा असतो. इंटरफेस तो वाढवितो आणि दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून अंकरूपाने लॅपटॉपकडे पाठवितो. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यासाठी एवढी मोजणी पुरेशी आहे. १,९२,००० या आकड्यासाठी अधिक पैसे वेचू नयेत.

निवडताना पाहावयाच्या बाबी :

(१) एकट्या शिक्षकाच्या वाचनास मायक्रोफोनची एक जोडणी पुरे. कवितागायनास पेटीची साथ असल्यास दोन असाव्यात. उदाहरणार्थ, फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट मालिकेतील 'सोलो'मध्ये अशी एक, तर '२आय२'मध्ये दोन जोडण्या आहेत.

(२) कंडेन्सर मायक्रोफोनला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. डायनॅमिक मायक्रोफोनला तो लागत नाही; परंतु त्याचा संकेत सुमारे ५५ ते ६० डेसिबल वाढवावा लागतो. तेवढी क्षमता इंटरफेसमध्ये आहे काय, हे पाहावे.

(३) स्वतःचा आवाज हेडफोनवर इंटरफेसमधूनच थेट ऐकण्याची सोय असावी. लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि वाचनाची लय बिघडते.

(४) यंत्र यूएसबी जोडणीवरच चालणारे असावे, म्हणजे वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होईल. आपल्या लॅपटॉपवर ते चालते काय, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

केवळ एकच आवाज मुद्रित करावयाचा असेल, तर यूएसबी मायक्रोफोनही चालेल. इंटरफेसचे कार्य त्याच्या आतच होत असल्याने स्वतंत्र यंत्र लागत नाही.

प्रात्यक्षिक : खरेदीपूर्वी पुढील कृती अवश्य करावी. पंखा व खिडक्या बंद कराव्यात, भिंतीवर सतरंजी टांगावी आणि लॅपटॉपजवळ बसून 'जग' हा शब्द दोन्ही उच्चारांनी उलटसुलट क्रमाने दहा वेळा मुद्रित करावा. वर्गात प्रथम हीच यादी शिक्षकाने स्वतः म्हणावी, नंतर मुद्रण ऐकवावे. 'विश्व' या अर्थास उजवा हात, 'जगणे' या अर्थास डावा हात मुलांनी वर करावा. शिक्षकाच्या तोंडून कळलेला भेद मुद्रणातून कळला नाही, तर दोष मुलांचा नव्हे, मुद्रणाचा आहे असे समजावे. दोन्ही वेळी मुलांनी भेद ओळखल्यास नव्या यंत्राची तूर्त आवश्यकता नाही; तो पैसा वाचनालयाच्या पुस्तकांकडे वळवावा.