झाडाचा रस, पंपाची ओढ आणि हवेचा भार

प्रशालेतून बाहेर पडून आता कॅनडाच्या पूर्व भागात स्थिरावलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मला दूरध्वनीवर एक प्रश्न विचारला. मार्च महिन्यात तो तेथील एका मेपलच्या राईत गेला होता. बर्फातून उभ्या असलेल्या झाडांमध्ये वाळवणाच्या दोरीसारख्या निळ्या नळ्या ताणलेल्या, आणि त्यांच्या शेवटी एका छपरीत पंप चालू. "सर, हे लोक झाडाला मोटार लावून रस ओढतात. झाड मरत नाही का? आणि आपल्याकडे शिंदीला असे का करीत नाहीत?" दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्याने, तेव्हा घाईत दिलेले उत्तर येथे सविस्तर देतो.

या पाठाचा अर्धा भाग मंद्रूप परिसरातील शेतकऱ्याला विहिरीने शिकविलेलाच आहे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की काठावरची मोटार पाणी उचलेनाशी होते आणि तिला खालच्या टप्प्यावर उतरवावे लागते. मोटार कितीही ताकदीची आणली तरी यातून सुटका नाही. कारण मोटार केवळ नळातील दाब कमी करते; पाण्याला वर ढकलतो तो विहिरीतील पाण्यावर पडलेला हवेचा भार. समुद्रसपाटीला हा भार सुमारे 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा किंवा 30 इंच पाऱ्याचा स्तंभ पेलतो. इटलीतील टॉरिचेली याने 1644 साली हे पाऱ्याच्या नळीने स्पष्ट केले. सोलापूरच्या उंचीवर हा आकडा थोडा कमी भरतो, आणि घर्षण वगैरे जमेस धरता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात.

आता मेपलकडे वळू. रात्री तापमान शून्याखाली गेले की खोडातील पाणी गोठते. लाकडाच्या तंतूंत अडकलेला वायू त्या बर्फाने दाबला जातो आणि मुळांकडून आणखी पाणी वर खेचले जाते. दिवसा ऊन पडून बर्फ वितळला की तो दाबलेला वायू प्रसरण पावतो व खोडातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो. अशा वेळी खोडाला सुमारे 8 मिलीमीटर व्यासाचे, चार-पाच सेंटीमीटर खोल छिद्र पाडून टोटी बसविली की रस आपोआप ठिबकतो. त्यात साखर सुमारे 2 टक्के असते. खोडातील दाब उतरून बाहेरच्या हवेइतका झाला की ठिबकणे थांबते. रस संपलेला नसतो. त्याला बाहेर ढकलणारा फरक संपलेला असतो.

पंपाचे काम येथे सुरू होते. नळीतील हवा काढून टोटीपाशी 20 इंच पाऱ्याइतका निर्वात निर्माण केला, तर रसाला बाहेर 30 ऐवजी 10 इंचांचाच विरोध उरतो. खोडाचा दाब उतरत गेला तरी प्रवाह चालू राहतो; थंडी-उन्हाचा खेळ नीट न जमलेल्या दिवशीही थोडाफार रस येतो. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचे प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र 1946 पासून या विषयावर काम करीत आहे. तेथील व अन्यत्रच्या अनुभवावरून असा ठोकताळा रूढ आहे की, निर्वाताच्या प्रत्येक इंचामागे रस 5 ते 7 टक्क्यांनी वाढतो. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. 100 छिद्रे असलेल्या लहान राईत हंगामात प्रत्येक छिद्रातून 40 लिटर रस येत असेल, तर एकूण 4000 लिटर. त्याच राईत 10 इंच निर्वात टिकविला, तर 6000 ते 6800 लिटर.

"टिकविला" या शब्दावर मात्र सारी भिस्त आहे. ज्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (आपल्याकडे त्याला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात) गळका आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको. एका सैल जोडातून हवा शिरली की मोटार पाणी सोडते. मेपलच्या राईत असे शेकडो जोड असतात आणि त्यात खारी नळ्या कुरतडतात. दर 100 छिद्रांमागे मिनिटाला सुमारे 1 घनफूट हवा काढू शकेल असा पंप घ्यावा, असा साधारण हिशेब आहे. पण गळती न शोधता मोठा पंप घेणे म्हणजे फुटक्या घागरीला मोठा नळ लावणे. लहान उत्पादकाने दाबमापी पंपाजवळ न लावता नळीच्या सर्वांत दूरच्या टोकाला लावावा, कारण पंपाजवळचा काटा नेहमी समाधानकारकच दिसतो. पारदर्शक नळीत बुडबुडे वेगाने धावताना दिसले, तर ते ज्या दिशेने येतात तिकडे चालत जावे. गळती तेथेच सापडते.

जमीन उताराची असेल तर पंपही लागत नाही. सुमारे 5 मिलीमीटर व्यासाच्या बारीक नळीत रस सलग स्तंभासारखा भरून राहतो आणि खाली उतरताना स्वतःच्या वजनाने मागे निर्वात निर्माण करतो. शेवटच्या झाडाखाली दहा मीटरच्या आसपास उतार मिळाला, तर जवळजवळ पूर्ण निर्वात फुकट हाती येतो. विहिरीवर आपल्याला अडविणारा दहा मीटरचा आकडा येथे उपयोगी पडतो, हे मला विशेष रम्य वाटते.

आणखी एक अडचण आपल्या गुऱ्हाळवाल्यांना चटकन उमगेल. 2 टक्के साखरेचा सुमारे 43 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर पाक होतो. काहील जेवढी, तेवढाच ऊस घाण्याला लावायचा असतो. रस दीडपट आला आणि काहील व सरपण तेवढेच राहिले, तर जादा रस टाकीत आंबून जातो.

झाडाच्या आरोग्याविषयी बोलायचे तर, निर्वातामुळे छिद्राभोवतीची जखम वाढत असल्याचे प्रॉक्टर केंद्राच्या अभ्यासात आढळले नाही. खरी इजा छिद्राची असते. त्याच्या वर-खाली लाकडाची एक पट्टी कायमची निकामी होते. म्हणून दरवर्षी छिद्र नव्या जागी पाडतात आणि कोवळ्या, बारीक झाडांना हात लावीत नाहीत.

आता शिंदी. मेपलचा रस जलवाहिन्यांतून येतो. त्या मृत, पोकळ नळ्या आहेत. नीरा मात्र रसवाहिन्यांतून येते. या पेशी जिवंत असतात आणि त्यांतील दाब साखरेमुळे होणाऱ्या परासरणातून निर्माण होतो. तो हवेच्या भाराच्या कित्येक पट असल्याने बाहेरचा एक वातावरणाचा भार काढून घेतल्याने फारसे काही साधत नाही. शिवाय कापलेल्या रसवाहिन्यांची तोंडे झाड स्वतःच बुजवून टाकते. म्हणून शिंदी छेदणारा कारागीर धारदार हत्याराने पुन्हा पुन्हा पातळ काप घेतो. त्याच्या हाताचे हे काम कोणत्याही पंपाला करता येणार नाही. नीरेत साखर दहा टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा अडचण रस कमी येण्याची नाही, तो आपल्या उष्ण हवेत काही तासांतच आंबून ताडी होण्याची आहे. मडक्याला आतून चुना फासण्याची जुनी रीत याचसाठी आहे. नारळाच्या नीरेसाठी कासरगोड येथील केंद्रीय संशोधन संस्थेने बर्फ भरलेली शीतपेटी तयार केली, जी थेट फुलोऱ्याला जोडतात आणि रस पडताक्षणी थंड होतो.

त्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने क्षणभर थांबून विचारले, "म्हणजे तिकडे पंप, आणि इकडे बर्फ?" मी म्हटले, तिकडे बर्फ रानातच पडलेला असतो.