हातगाडीवरची सुटी फळी

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गुलमंडी, शहागंज, पैठणगेट या भागांत फिरून पाहा. जागोजागी खाण्याच्या हातगाड्या दिसतात. गावाकडची पुष्कळ माणसे या धंद्यात आहेत. गाडीच्या एका बाजूला शेगडी आणि कढई असते. दुसऱ्या बाजूला चिरायची लाकडी फळी असते. आम्ही या धड्यात त्या फळीविषयी सांगणार आहोत. फळी ती काय, असे तुम्ही म्हणाल. पण फळी हलली तर हात कापतो, आणि शेजारी कढई असेल तर त्याहून वाईट होते.

भज्यांची गाडी चालवणाऱ्या एका मावशींची गोष्ट घ्या. त्यांची फळी गाडीवर नुसती ठेवलेली होती. फळीचे एक टोक वीतभर बाहेर आलेले होते. एका गिऱ्हाइकाने त्या टोकावर कोपर टेकले. फळीचे दुसरे टोक वर उचलले आणि कढईच्या कानाला लागले. तेल रस्त्यावर सांडले. मावशींचा पाय चार बोटांनी वाचला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आठ खिळे मारून फळी पक्की ठोकून टाकली. आता ती हलेना. पण नवे दुखणे सुरू झाले. कांद्याचे पाणी फळीखाली जाऊन साचू लागले. खालून धुता येईना. वास येऊ लागला, झुरळे झाली. पावसाळ्यात खिळ्यांची डोकी वर आली. उन्हाळ्यात फळीला मधोमध भेग पडली. भेगेत सुरी घालून पाहिली तर काळा चिकट मळ निघाला!

म्हणजे फळी हलता कामा नये, आणि रोज काढताही आली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदम साधतात. फक्त लाकडाचा स्वभाव कळला पाहिजे.

झाड तोडले, त्याची फळी केली, तरी लाकूड हवेतले पाणी पीत राहते आणि सोडत राहते. तुम्हांला हे ठाऊक आहे. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव सैल होते, मग चाक पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि धाव घट्ट बसते. फळीचेही तसेच. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा फार कोरडी असते. जुलैत तीच हवा ओलसर होते. मे महिन्यात फळी आकसते, जुलैत फुगते.

पण लाकूड सगळीकडून सारखे फुगत नाही. येथे नीट लक्ष द्या. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात, त्या दिशेने म्हणजे लांबीने ते जवळजवळ वाढतच नाही. रुंदीने मात्र वाढते. कडब्याची पेंढी पाण्यात भिजली तर जाड होते, लांब होत नाही. तसेच समजा. दीड फूट रुंदीच्या फळीत पावसाळ्या-उन्हाळ्यात सूत-दीड सूत फरक सहज पडतो. बारा इंचांचा फूट आणि आठ सुतांचा इंच, हे माप पाठ असू द्या. मिस्त्री याच मापात बोलतात.

सूतभर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण फुगणाऱ्या लाकडाचा जोर फार असतो. मावशींच्या फळीला दोन्ही कडांना खिळे होते. ती फुगली तेव्हा तिने खिळे उपटले. आकसली तेव्हा खिळ्यांनी तिला सोडले नाही, म्हणून ती फाटली. काही लोक चौकटीच्या आत फळी तंतोतंत बसवतात. ते आणखी वाईट. पावसाळ्यात ती अशी अडकते की हातोडीशिवाय निघत नाही.

आता करायचे कसे ते पाहू. आम्ही मापे उदाहरणादाखल देतो. तुमची गाडी वेगळी असेल तर मापे बदला, रीत तीच ठेवा.

फळी 24 इंच लांब, 18 इंच रुंद आणि दीड इंच जाड घ्या. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. बाभळीचे लाकूड कठीण आणि चांगले. सागवान टिकते, पण त्यावर सुरीची धार लवकर जाते. आंब्याची फळी स्वस्त पडते, तिला कीड मात्र लवकर लागते. एवढी रुंद फळी एकसंध मिळत नाही. मग मिस्त्रीकडून दोन-दोन इंची पट्ट्या पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाने जोडून घ्या. जोडलेली फळी एकसंध फळीपेक्षा कमी वाकते, तेव्हा यात कमीपणा नाही. तिचे वजन सात-आठ किलो भरेल. एका माणसाला उचलता येते.

गाडीच्या चौकटीत फळीसाठी एक घर करा. घर म्हणजे चार पट्ट्यांचा चौकोन. आतून तो 22 इंच लांब आणि 16 इंच रुंद असावा. पट्ट्या इंचभर जाड असाव्यात. लोखंडी अँगलची गाडी असली तरी चालते. फळी या घरावर ठेवली की चारी बाजूंनी इंच-इंचभर बाहेर राहते. त्याहून जास्त बाहेर काढू नका. मावशींच्या गाडीवर जे झाले ते त्या वीतभर टोकामुळे झाले.

आता फळी उलटी करा. तिच्या खाली दोन आडव्या पट्ट्या लावायच्या आहेत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. प्रत्येक पट्टी दोन इंच रुंद. जाडी घराच्या कडेएवढीच, म्हणजे एक इंच. लांबी 16 इंचांना 2 सूत कमी. एका पट्टीच्या बाहेरच्या अंगापासून दुसरीच्या बाहेरच्या अंगापर्यंतचे अंतर 22 इंचांना 2 सूत कमी. म्हणजे फळी घरावर ठेवली की पट्ट्या आत उतरतात आणि चारी बाजूंना सूतभर जागा उरते. फळी मग इकडेतिकडे सरकत नाही.

पट्टीला तीन स्क्रू पुरतात. मधला स्क्रू घट्ट आवळा. दोन टोकांच्या स्क्रूंची भोके गोल ठेवू नका. गिरमिटाने दोन भोके शेजारी-शेजारी पाडा आणि मधले लाकूड पटाशीने काढा. पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट भोक तयार होईल. त्यात चकती घालून स्क्रू लावा, आणि तो टेकेल एवढाच आवळा. फळी फुगली की टोकांचे स्क्रू त्या लांबट भोकांत सरकतात. पट्टी जिथल्या तिथे राहते. सगळी गोम येथे आहे. फळी कितीही फुगो, तिच्या खालच्या पट्ट्या घरात अडकत नाहीत. स्क्रू दोन इंची घ्या. पट्टी एक इंच, फळी दीड इंच; अडीच इंची स्क्रू घेतला तर टोक वर येऊन हाताला लागेल.

फळी सरकायची थांबली. पण चाक खड्ड्यात आदळले की ती वर उडेल. त्यासाठी फिरकी लावा. चार इंच लांब, इंचभर रुंद आणि पाऊण इंच जाड असा लाकडी तुकडा घ्या. मधोमध एक भोक पाडा आणि दीड इंची स्क्रूने तो पट्टीच्या खालच्या अंगाला बसवा. मधल्या स्क्रूच्या थोडा बाजूला. तुकडा फिरला पाहिजे, पण सैल नको. आडवा फिरवला की त्याचे टोक घराच्या कडेखाली जाते आणि फळी धरून ठेवते. उभा फिरवला की फळी सुटते. दोन पट्ट्यांना दोन फिरक्या. पाना नको, हातोडी नको. रात्री गाडी बंद करताना दोन बोटांचे काम.

नाथषष्ठीला पैठणला गाडी टेम्पोत घालून नेणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा आहे. फळी सुटी नेता येते.

रोज रात्री फळी काढा. गरम पाण्याने दोन्ही बाजू धुवा. वरचीच बाजू धुतली तर एकच बाजू पाणी पिते आणि फळी वाकते. मीठ टाकून लिंबाच्या फोडीने घासले की कांद्या-लसणाचा वास जातो. फळी बादलीत भिजत घालू नका. धुतल्यावर कडेवर उभी करा, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागेल.

महिन्या-दोन महिन्यांनी फळीला खाण्याचे जवसाचे तेल चोळा. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते आणि खवट होते. जवसाचे तेल वाळते. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल मात्र घेऊ नका. त्यात लवकर वाळण्यासाठी इतर द्रव्ये घातलेली असतात, ती पोटात जायला नकोत. आणखी एक सांगतो, हे विसरू नका. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून उघड्यावर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

या शहरात नान-खलियाची मोठी आवड आहे, कबाबाच्याही गाड्या लागतात. मटण तोडणारे फळी वापरत नाहीत, चिंचेचा ओंडका वापरतात. ओंडका खोडाच्या आडव्या कापाचा असतो, त्यामुळे सत्तूर रेषांच्या मधे शिरतो आणि लाकूड ढलपत नाही. तो आपल्या वजनानेच जागेवर राहतो, त्याला फिरकी नको. पण ज्या फळीवर कच्चे मटण कापले, तिच्यावर कांदा-काकडी चिरू नये. मटण शिजते, त्यातले जंतू मरतात. कांदा कच्चाच खातात.

फिरकी वर्षभरात सैल होईल. स्क्रू काढा, भोकात काडेपेटीच्या दोन काड्या गूल काढून घाला, बाहेरचे टोक मोडा आणि स्क्रू पुन्हा आवळा.