शके १२१८ : एका वर्षाच्या दोन नोंदी

इतिहासाच्या पुस्तकात इ. स. १२९६ या सालापुढे अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी असते. माझ्या आजीला हे साल ठाऊक नाही. तिला कार्तिक वद्य त्रयोदशी ठाऊक आहे. त्या तिथीला ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून घरातली नोंद आणि पुस्तकातली नोंद शेजारी ठेवून पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम कालगणना पाहू. शक वर्ष चैत्रात सुरू होते. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १२१८ चा कार्तिक म्हणजे इ. स. १२९६. दोन्ही नोंदी एकाच वर्षाच्या ठरतात त्या अशा.

आता पहिली नोंद. कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन १२९६ च्या पूर्वार्धात एलिचपूरमार्गे देवगिरीवर चालून आला. राजपुत्र शंकरदेव सैन्यासह दूर होता. रामचंद्रदेव यादवाला अपार संपत्ती देऊन तह करावा लागला. त्याच वर्षी २० जुलैस अल्लाउद्दीनाने आपला चुलता व सासरा सुलतान जलालुद्दीन याचा वध करविला आणि दिल्लीचे तख्त घेतले. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्यच संपले.

दुसरी नोंद संतपरंपरेची. ज्ञानदेवांच्या मागोमाग मार्गशीर्षात सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. शके १२१९ च्या वैशाखात मुक्ताबाई व ज्येष्ठात निवृत्तिनाथ गेले. म्हणजे वर्षभराच्या आतच चारही भावंडे संपली. अरणचे सावता माळी आदल्याच वर्षी निवर्तले होते. आपल्या तेर गावचे गोरोबाकाका या साऱ्यांचे समकालीन. परंपरेने मानलेले १२६७ हे जन्मसाल धरले, तर १२९६ साली त्यांचे वय २९ होते. संतमंडळी तेरला जमली असता गोरोबांनी थापटणे घेऊन प्रत्येकाचे डोके पारखले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल.

आपण पहिल्या नोंदीला इतिहास म्हणतो आणि दुसरीला श्रद्धा म्हणून बाजूला ठेवतो. हे मला पटत नाही. देवगिरीच्या किल्ल्यात धान्य समजून साठवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, ही गोष्ट आपण पुस्तकात वाचतो. ती सांगणारा फिरिश्ता सुमारे तीनशे वर्षांनंतरचा. म्हणजे तवारिखेत आहे म्हणून खरे आणि आजीने सांगितले म्हणून खोटे, असा निवाडा करता येत नाही. थापटणे दोन्हींवर सारखेच चालले पाहिजे.

शिवाय या नोंदी एकमेकींना तोडणाऱ्या नाहीत. शके १२१२ मध्ये नेवाशास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस याच रामचंद्र यादवाचा उल्लेख आहे. ज्या राजाचा खजिना लुटला गेला, त्याच्याच राज्यात माळी, कुंभार, सोनार आपापल्या बोलीत अभंग रचीत होते. त्याच १२९६ साली झोउ दाग्वान नावाचा चिनी प्रवासी कंबोडियातील अंकोरला पोहोचला. त्याने तेथील लोकजीवन पाहून लिहून ठेवले. आपल्याकडील कष्टकऱ्यांची हत्यारे आणि त्यांच्या बोलीतले शब्द मात्र त्यांच्या स्वतःच्याच अभंगांतून आपल्यापर्यंत आले. त्यांची नोंद घ्यायला बाहेरचा कोणी यावा लागला नाही.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या जिल्ह्यात तेर, तुळजापूर, नळदुर्ग, परंडा अशी स्थळे आहेत. गावागावांत यात्रा आणि पुण्यतिथी आहेत. सुटीत गावी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून या तिथी लिहून घ्याव्यात, वरील रीतीने त्यांचे इसवी सन काढावे, आणि मग ग्रंथालयात येऊन ते पडताळावे. काही तिथी टिकतील, काही टिकणार नाहीत. परंतु ज्या घरांत पुस्तके नव्हती, त्या घरांतही इतिहास सांभाळला जात होता, एवढे तरी त्यातून निश्चित सिद्ध होईल.