मटेरियल सायन्समध्ये एम.टेक.: कोणी करावं, कोणी करू नये

मेटलर्जी किंवा मटेरियल सायन्स म्हटलं की बहुतेक पालकांच्या डोळ्यासमोर पोलादाची भट्टी उभी राहते. ते चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. मोबाइलच्या बॅटरीतला कॅथोड, जेट इंजिनातलं टर्बाइनचं पातं, खुब्यात बसवायचा कृत्रिम सांधा, चिपसाठी लागणारी सिलिकॉनची चकती हे सगळं याच विषयात येतं. पदार्थाची आतली रचना कशी आहे, ती कोणत्या प्रक्रियेतून घडली आणि त्यामुळे त्याचे गुणधर्म कसे ठरले, एवढंच इथे शोधायचं असतं.

जमेल का, हे कसं ओळखावं?

पोलादाचा एक नमुना तपासायचा तर आधी तो कापायचा, बेकलाइटमध्ये बसवायचा, मग एमरी पेपरवर घासायचा. प्रत्येक पेपर आधीच्यापेक्षा बारीक, आणि दर वेळी नमुना नव्वद अंशांत फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे पुरते गेले का ते कळतं. एक जरी राहिला, तरी मागच्या पेपरवर परत. शेवटी मखमली कापडावर आरशासारखी चकाकी आली की नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक अॅसिड, लावायचं. तेव्हा कुठे मायक्रोस्कोपखाली फेराइटचे पांढरे कण आणि पर्लाइटचे काळसर पट्टे दिसतात. या कामाचा कंटाळा येत नसेल, तर हा विषय तुमचा आहे. नुसत्या आयआयटीच्या शिक्क्यासाठी येत असाल, तर दोन वर्षं जड जातील.

प्रवेशाचा रस्ता

मुख्य दार गेट या प्रवेश परीक्षेचं. मेटलर्जीवाल्यांसाठी एमटी हा पेपर, तर मेकॅनिकल, केमिकल अशा शाखांतून येणाऱ्यांना एक्सई पेपरात मटेरियल सायन्स हा विभाग निवडता येतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. अनेक संस्था भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांनाही घेतात. गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरावर फारसा भार पडत नाही. राज्यातच आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी आहे. बाहेर बंगळुरूची आयआयएससी, कानपूर, मद्रास आणि खरगपूरच्या आयआयटी.

परदेशाचं गणित

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम खात्यात दाखवणं याची तयारी आधीपासून करावी. अमेरिकेत फी मोठी आहे. शिवाय संरक्षण आणि विमान उद्योगातल्या बऱ्याच मटेरियल्सच्या नोकऱ्या परदेशी नागरिकांना मिळत नाहीत. कर्ज काढण्यापूर्वी हे लक्षात घ्या.

नोकरी कुठे?

पुणे-चाकण पट्ट्यातले फोर्जिंग आणि वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने, पोलाद प्रकल्प, हीट ट्रीटमेंटची युनिट्स. संशोधनात भाभा अणुसंशोधन केंद्र, अंबरनाथची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा, पुण्याचं सी-मेट, नागपूरचं अॅल्युमिनियम संशोधन केंद्र. पहिला पगार सॉफ्टवेअरइतका नसेल, आणि नोकरी बहुधा औद्योगिक वसाहतीत असेल. पण तुटलेला शाफ्ट बघून तो का तुटला हे सांगणारा माणूस कारखान्याला सहज सापडत नाही, आणि अनुभवाबरोबर त्याची किंमत वाढत जाते.

म्हणून कॉलेजच्या नावाइतकंच थिसिसच्या विषयाकडे बघा. बॅटरी, कोटिंग, वेल्डिंग, संगणकीय मटेरियल्स यांपैकी ज्यात दोन वर्षं घालवाल, त्याच दिशेची नोकरी मिळणं सोपं जातं. पर्याय भरण्याआधी विभागाच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध चाळा, प्रयोगशाळेत कोणती उपकरणं चालू अवस्थेत आहेत हे तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करून विचारा. आणि पालकांनो, तो फोन मुलालाच करू द्या.