शरदातील चीन : खेडे, वन आणि छायाचित्र

छायाचित्र म्हणजे वास्तवाची हुबेहूब नक्कल, असा समज आपल्यात बराच रूढ आहे. चित्रकार कल्पनेने रंग भरतो, कवी अलंकार योजतो. यंत्राला मात्र कल्पना नसते, म्हणून ते खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी चीनच्या ग्रामीण भागातील शरद ऋतूइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हजारो छायाचित्रकार तेथील डोंगरी खेड्यांत आणि अरण्यांत उतरतात. लाल पाने, पांढऱ्या भिंती, धुक्यातून वर येणारा चुलीचा धूर हे त्यांचे ठरलेले विषय. ही चित्रे सुंदर असतात यात शंका नाही. पण त्या सौंदर्याच्या मागे काय असते आणि कॅमेरा त्यातले काय दाखवतो, काय झाकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन पानगळी

प्रथम ऋतूचा विचार करू. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस सरलेला, ऊन तापलेले आणि झाडे हिरवीगार. आपली पानगळ येते ती शिशिरात, आणि तिचे मुख्य कारण जमिनीतील ओलावा आटणे हे होय. सागाची पाने तपकिरी होऊन गळतात, पळसाची फांदी उघडी पडते आणि मग तिच्यावर फुले येतात. मध्य चीनमधील पानगळीचे कारण निराळे आहे. तेथे दिवस लहान होतो, रात्र गारठते, आणि झाड पानाशी असलेला व्यवहार आवरू लागते. पानातील हरितद्रव्य विघटित होते. त्याच्या आड आधीपासूनच असलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये उघडी पडतात आणि पान पिवळे दिसू लागते. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो आधीपासून नसतो. पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन नावाचे द्रव्य शरदातच नव्याने तयार होते. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी हवी, मात्र कडाक्याचे हिमदव नको. म्हणून ज्या वर्षी ढगाळ हवा असते त्या वर्षी पिवळा रंग येतो, पण लाल फिका पडतो.

चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस सौरभाग केलेले आहेत. (२०१६ साली युनेस्कोने या कालगणनेचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.) त्यांपैकी ‘दव गोठण्याचा’ भाग २३ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. रंग उंचावरून सखल भागाकडे उतरत येतो. सेचुआन प्रांताच्या उत्तरेस दोन हजार मीटरहून उंच असलेल्या चिउचायगौ खोऱ्यात तो ऑक्टोबरच्या मध्यापासून दिसतो. आनह्वे आणि च्यांगशी प्रांतांच्या सीमेवरील खेड्यांत नोव्हेंबर उजाडतो. छायाचित्रकाराचा प्रवास या उतरत्या रंगामागून चालतो.

पांढऱ्या भिंती, काळी कौले

आनह्वेच्या दक्षिणेकडील आणि च्यांगशीच्या ईशान्येकडील हा मुलूख पूर्वी ह्वेइचौ या एकाच नावाने ओळखला जाई. डोंगर फार आणि शेतजमीन थोडी, म्हणून येथील पुरुष व्यापारासाठी देशभर फिरले. मिळवलेला पैसा त्यांनी गावी आणला आणि उंच पांढऱ्या भिंतींचे, काळ्या कौलांचे वाडे बांधले. या वाड्यांच्या भिंती छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. छायाचित्रात त्या नक्षीसारख्या दिसतात. प्रत्यक्षात एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून केलेली ती योजना आहे.

होंगत्सुन आणि शीदी ही दोन गावे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. होंगत्सुनची रचना म्हशीच्या आकाराची मानतात. डोंगर हे डोके, गावाच्या तोंडाशी असलेले दोन वृक्ष ही शिंगे, घरे हे शरीर, घरादारांशेजारून वाहणारे पाट ही आतडी आणि मध्यभागी अर्धचंद्राकृती तळे हे पोट. या पाटांनी घरोघरी पाणी पोचवले आणि आगीच्या वेळीही तेच उपयोगी पडे. आज त्या तळ्यात पडलेले भिंतींचे प्रतिबिंब टिपण्यासाठी पहाटेपासून तिकाट्यांची रांग लागते. प्रतिबिंब टिपणाऱ्यांपैकी किती जणांना ते पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे पाहण्याची इच्छा होते, हा प्रश्नच आहे.

येथे तंत्राची एक गोष्ट सांगणे इष्ट ठरेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकटीत पांढरी भिंत किंवा धुके अधिक असेल, तर तो प्रकाश कमी देतो आणि भिंत मळकट येते. अशा वेळी मापकाने सांगितल्यापेक्षा एक ते दीड टप्पा प्रकाश जास्त द्यावा. पाने मात्र उजेडाच्या उलट बाजूने पाहावीत; सूर्य पानामागे असला म्हणजे पान आतून उजळते. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी ध्रुवणकाचाने कमी होते व खरा रंग दिसतो. डिजिटल कॅमेऱ्यातील रंगसमतोल आपोआप ठरू दिला, तर पहाटेची निळसर छटा यंत्र ‘दुरुस्त’ करून टाकते; म्हणून तो दिवसाच्या उजेडावर कायम ठेवणे बरे. यंत्र निर्विकार नसते, तेही आपले मत देत असते, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

वाळवण

च्यांगशी प्रांतातील वूयुआन भागात ह्वांगलिंग नावाचे डोंगर-उतारावरचे गाव आहे. येथे सपाट अंगण मिळणे कठीण. म्हणून वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून बाहेर लाकडी दांड्या काढून त्यांवर बांबूच्या मोठ्या गोल परड्या ठेवतात आणि त्यांत मिरच्या, मका, सोयाबीन, भोपळ्याच्या फोडी, शेवंतीची फुले वाळत घालतात. आपल्या आजी-आईच्या वाळवणाची आठवण कोणाही मराठी माणसास यावी. फरक इतकाच, की आपले वाळवण चैत्र-वैशाखात, पावसाळ्याच्या बेगमीसाठी; त्यांचे शरदात, कारण तेथील उन्हाळा पावसाचा आणि दमट असतो, शरद कोरडा असतो आणि पुढे हिवाळा काढावयाचा असतो.

या वाळवणाची छायाचित्रे जगभर गेली. पण त्यांच्या मागची हकिकत चौकटीत मावत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या गावाचा पर्यटनासाठी विकास झाला, तेव्हा येथील रहिवाशांना डोंगराच्या पायथ्याशी नवी घरे देऊन हलवण्यात आले. जुनी घरे दुरुस्त करून खानावळी, दुकाने, अतिथिगृहे झाली, आणि गावकऱ्यांपैकी काही जण पगारावर परड्या मांडू लागले. जे पूर्वी पोटासाठी होते ते आता पाहण्यासाठी झाले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने ह्वांगलिंगची उत्तम पर्यटनग्रामांत गणना केली.

याला केवळ ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. २०२० च्या जनगणनेनुसार चीनची सुमारे ६४ टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती. तरुण शहरात गेले की डोंगरातील घर आधी रिकामे होते आणि मग कोसळते. पर्यटक आले नसते तर कित्येक छपरे आज उभी नसती. उलट, ज्या गावात कोणी राहत नाही ते गाव उरले काय, की गावाचे नेपथ्य उरले, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

झाडे राखली कोणी?

या खेड्यांलगत जे जुने वृक्ष शरदात पेटल्यासारखे दिसतात, ते आपोआप उरलेले नाहीत. तीन टोकांच्या पानांचा ‘फंग’ वृक्ष, पिवळाधमक गिंको आणि होंगत्सुनजवळच्या ताछुआन गावाची कीर्ती ज्याच्यामुळे झाली तो मेणवृक्ष, हे तेथील मुख्य रंगकरी. मेणवृक्षाच्या बियांवर पांढऱ्या मेणाचा थर असतो. त्यापासून मेणबत्त्या आणि साबण करीत, म्हणून शेतांच्या बांधावर तो मुद्दाम राखला गेला. गावाच्या पाठीशी आणि ओढा गावाबाहेर पडतो त्या जागी असलेली राई मात्र धर्मभावनेने राखली. ती तोडल्यास गावाचे भाग्य वाहून जाते अशी श्रद्धा होती, आणि तोडणाऱ्यास गावाकडून दंड होई. आपल्याकडील देवराईशी याचे साम्य उघड आहे. श्रद्धेच्या पोटात व्यवहारही होता: राईने उताराची माती धरून ठेवली, पाण्याला वळण लावले.

या राखणीवर घाले पडलेच. १९५८ मध्ये गावोगावी पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, तेव्हा इंधनासाठी असंख्य झाडे तोडली गेली. चिउचायगौच्या खोऱ्यातही १९७० च्या दशकाअखेरपर्यंत लाकूडतोड चाले; पुढे ती थांबवून तेथे राखीव क्षेत्र झाले आणि १९९२ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. १९९८ साली यांगत्से नदीला भीषण पूर आल्यानंतर नैसर्गिक अरण्यांतील तोड रोखण्याची देशव्यापी योजना हाती घेण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी उतारावरील शेते पुन्हा झाडांखाली आणण्याचे काम सुरू झाले. निसर्गाचीही शाश्वती नसते: ८ ऑगस्ट २०१७ च्या भूकंपात चिउचायगौमधील एका प्रसिद्ध सरोवराचा नैसर्गिक बांध फुटून ते रिकामे झाले. तेव्हा शरदातील एखाद्या लाल झाडाचे चित्र हे एका अर्थी वाचलेल्याचे चित्र आहे.

तीन दृष्टी

या भूमीकडे कॅमेऱ्याने पाहणाऱ्यांची परंपराही पाहण्याजोगी आहे. स्कॉटिश छायाचित्रकार जॉन टॉम्सन याने १८६८ ते १८७२ या काळात चीनमध्ये काम केले. त्या वेळी काचेवर ओले रसायन पसरून ते सुकण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणून अंधाराचा तंबूही बरोबर न्यावा लागे. त्याचा चार खंडांचा चित्रसंग्रह १८७३-७४ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन याने १९०७ ते १९११ च्या दरम्यान सेचुआनकडील वृक्षांची चित्रे घेतली. झाडाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून तो पुष्कळदा बुंध्याशी एखादा माणूस उभा करी. ही मांडणीच होती, पण ती मापासाठी होती आणि पाहणाऱ्यापासून लपवलेली नव्हती.

तिसरा लांग चिंगशान (१८९२–१९९५). अकराव्या शतकातील चित्रकार क्वो शी याने डोंगर पाहण्याच्या तीन रीती सांगितल्या होत्या: पायथ्यापासून शिखराकडे, समोरच्या डोंगरापासून पलीकडच्या रांगांकडे आणि जवळून सपाट दूरवर. एकच भिंग या तिन्ही रीती एकाच वेळी साधू शकत नाही. म्हणून लांगने निरनिराळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर जुळवून चित्रे घडवली. एका ठिकाणचे झाड, दुसरीकडचा डोंगर, मध्ये कागदाचे कोरे धुके. त्याने ही जोडणी आहे हे कधी लपवले नाही. उलट तिलाच आपल्या कलेचे नाव दिले.

आता यांच्या शेजारी आजचे एक दृश्य ठेवू. फूच्येन प्रांतातील श्यापू भागात जुन्या वडजातीच्या वृक्षांखालून म्हैस घेऊन जाणारा शेतकरी, आणि फांद्यांतून उतरणारे किरण, असे एक चित्र फार गाजलेले आहे. तो शेतकरी शेतावर निघालेला नसतो. तो पैसे घेऊन छायाचित्रकारांसमोर फेऱ्या घालतो, आणि किरण उठून दिसावेत म्हणून पेंढा पेटवून धूर केला जातो. शेतकऱ्याने पैसे घेतले यात गैर काहीच नाही. नांगरामागे चालण्याचा मोबदला मिळतो, तसाच कॅमेऱ्यापुढे चालण्याचाही मिळावा. गैर आहे ते त्या चित्राखाली ‘चिनी शेतकऱ्याची पहाट’ असे लिहून ते सत्य म्हणून खपवणे. विल्सनचा उभा केलेला माणूस आणि लांगचा जोडलेला डोंगर पाहणाऱ्याला फसवत नाहीत. येथे पाहणारा फसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शेतकऱ्याचे खरे जिणे (दूर गेलेली मुले, विकलेली म्हैस) चित्राबाहेरच राहते.

तात्पर्य, छायाचित्र खरे की खोटे हा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे. चौकट निवडणे ही मांडणीच आहे. ती टाळता येत नाही. टाळता येतो तो मौनाचा दोष. चित्राखालच्या दोन ओळींत स्थळ, वर्ष आणि मांडणी असल्यास तिचा उल्लेख प्रामाणिकपणे केला, तर चित्राचे सौंदर्य कमी होत नाही. त्याला अर्थ येतो. ज्या हातांनी राई राखली, पाट खणला, परडी मांडली, त्यांचा त्या ओळींवर हक्क आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या गावी देवराई आहे, अंगणात वाळवण पडते, आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेराही आहे. त्यांनी पुढचे चित्र घेण्यापूर्वी समोरच्या माणसाशी चार शब्द बोलावे आणि ते चित्राखाली लिहावे, एवढा धडा चीनच्या या शरदातून घेतला तरी पुष्कळ झाले.